जाळ्यांविरुद्धचा अर्ज

दर रविवारी आम्ही वाईच्या वरच्या अंगाला नदीवर गळ टाकायला जात असू. आम्ही म्हणजे दोन डॉक्टर, एक बिल्डर, एक निवृत्त सुभेदार आणि हायस्कूलचा मास्तर मी. डोक्यावर रुंद टोप्या, अंगात बारा खिशांची जाकिटं. मासा धरायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं, एवढ्यावर आम्ही निसर्गप्रेमी ठरलो होतो. मासे पकडून खाणारी माणसं आम्हाला रानटी वाटत. दुपारी डॉक्टरांच्या डब्यातलं मटण मात्र आम्ही बोटं चाटून संपवायचो.

आमचा सगळा राग पलीकडच्या काठावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या भोयावर होता. तो संध्याकाळी जाळं लावायचा आणि सकाळी ओढायचा. आमच्या गळाला काही लागलं नाही की खापर त्याच्या जाळ्यावर. शेवटी नदीत जाळी बंद करा, असा अर्ज द्यायचं ठरलं आणि अक्षर बरं म्हणून तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'नदीची लूट', 'पुढच्या पिढ्यांचा ठेवा' असले शब्द मी हौसेनं घातले. या अर्जानं म्हाताऱ्याचा परवाना गेला असता आणि मासळीवाचून त्याच्या घरात दुसरं काही पिकत नव्हतं. हे मला पुरेपूर ठाऊक होतं, तरी मी ऱ्हस्वदीर्घ तपासत बसलो.

नदीत केवढी संपत्ती आहे हे मत्स्यखात्याच्या साहेबांना कळावं म्हणून अर्जाला माझा फोटो जोडला. आदल्याच रविवारी खालच्या वळणावरच्या डोहात मला हातभर लांबीचा खडस मासा लागला होता. कणकेचा गोळा पाण्यात पडायचा अवकाश, की तो वर आला. त्याला छातीशी धरून मी असा हसत होतो, जणू वाघच मारला होता.

चौकशीला खात्याचे साहेब म्हाताऱ्याच्या गावात आले. पारावर सगळे जमले. बिल्डरनं निसर्गावर लांबलचक भाषण ठोकलं, डॉक्टरांनी माना डोलावल्या. मग साहेबांनी फोटो म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि जागा ओळखीची आहे का, असं विचारलं. त्यानं तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

"देवाचा डोह हाय ह्यो," तो म्हणाला. "मागं पायऱ्या दिसत्यात की."

त्या डोहात त्याच्या आज्यानंही कधी जाळं टाकलं नव्हतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. दर सोमवारी बायका पायऱ्यांवर बसून तिथल्या माशांना कणकेचे गोळे चारतात. वाहत्या पाण्यानं जाळं त्या वळणाकडे सरकलं, तर म्हातारा हातातलं काम टाकून ते आधी उचलतो. पारावरच्या लोकांकडून हे सगळं ऐकल्यावर बिल्डर चाचरत म्हणाला, की पण आम्ही मासा सोडून दिला होता.

म्हातारा माझ्याकडे वळला. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"गुरुजी, तुमी खायाला घालाया आलायसा, आसं वाटलं आसंल त्येला."

साहेबांनी अर्ज घडी घालून फाइलीत ठेवला. म्हाताऱ्याचा परवाना राहिला. आमची मंडळी मात्र गाव मागासलेलं आहे असं ठरवून आता मेढ्याकडच्या पाण्यावर जातात. तिथल्या जाळ्यांविरुद्ध अर्ज लिहायला त्यांनी मला बोलावलं होतं. मी गेलो नाही. यात थोरवी कसली, तोंड दाखवायची लाज होती.

पुढच्या एका सोमवारी मी कणीक मळून डोहावर गेलो. म्हातारा आधीच पायरीवर बसला होता. मी गोळे टाकले, ते भिजून तळाला गेले. पाणी हललंसुद्धा नाही. मी परत टाकायला लागलो, तसा त्यानं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "माज्याबी हातचं खाईनात आता."