निळ्या चिंधीचे घड

तो खटला कोर्टाची पायरी कधी चढलाच नाही. तरी नोकरीतलं काही सांगा म्हटलं की मला आधी तोच आठवतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. चोपडा ठाण्यात मी नवा फौजदार होतो. अन्याय दिसला की माझा आवाज चढायचा. अजूनही चढतो.

उन्हाळ्यात एका सकाळी केळी संघाचे चेअरमन तक्रार अर्ज घेऊन आले. सगळा तालुका त्यांना आबा म्हणे. संघाचा ट्रक बागाबागांतून घड भरून धुळ्याच्या व्यापाऱ्याकडे जाई. अलीकडे प्रत्येक फेरीतले काही घड वखारीत पिकायच्या ऐवजी काळे पडून गळत होते. आता व्यापारी माल बंद करायला निघाला होता. आबांचा संशय ड्रायव्हरवर होता. तो वाटेत चांगले घड विकतो आणि त्यांच्या जागी सडके चढवतो, असं अर्जात लिहिलं होतं.

पाठोपाठ आमच्या खबऱ्याने बातमी आणली. पारोळ्याजवळ एका विहिरीपाशी हा ट्रक दर फेरीला थांबतो, ताडपत्री निघते, घड हलवले जातात.

ड्रायव्हरला ठाण्यात बोलावलं. गावातला वयस्कर मुसलमान गृहस्थ. त्याला सगळे चाचा म्हणत.

"विहिरीवर काय करता?" मी विचारलं.

"पाणी मारतो, साहेब. केळी तापते."

आमचे हवालदार हसले. "केळी आहे का म्हैस, चाचा? विहिरीवर नेऊन धुता ती!"

"मग संघाला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"वाटेत थांबायचं नाही, असा आबांचा हुकूम. सांगितलं असतं तर तेव्हाच घरी बसवलं असतं." मग हळूच म्हणाला, "साहेब, नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण चोर म्हणून गाडीवरून उतरलो, तर या रस्त्यावर कोण माझ्या हाती गाडी देईल?"

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "आत नेतो, साहेब. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं ओकेल."

मी नाही म्हटलं, आणि चाचाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. पट्ट्याखाली माणूस कबूल होतो, पण त्या कबुलीत फक्त पट्टा बोलतो. गरिबाच्या पाठीवर तपास लिहायची सवय आमच्या खात्याला होती. माझ्या ठाण्यात ती चालणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पारोळ्याच्या विहिरीवर गेलो. तिथे एक अक्का गुरांना पाणी पाजत होती. ट्रकबद्दल विचारताच माझ्यावरच उखडली. "तो चोर नही शे! केळीसवर पानी मारस, अन् जाताना मन्ही बादली धुईसन ठेवस. तुम्हना पोलीस धुतस का कोन्ही बादली?"

चाचा खरं बोलत होता. पण घड तर काळे पडत होते. मग चोर कोण?

ठाण्याच्या भिंतीवर तालुक्याचा नकाशा होता. घरफोडी झाली की आम्ही त्या जागी टाचणी टोचायचो. टाचण्यांचा पुंजका झाला की गस्त कुठे घालायची ते कळायचं. त्या नकाशाकडे बघताना वाटलं, सडलेल्या घडांनाही गाव असणारच. आजवर सगळे घड एकत्र भरले जात, एकत्र उतरत. कुठल्या बागेचा घड सडला, हे कुणी बघितलंच नव्हतं.

शिंप्याकडून रंगीत चिंध्या आणल्या. प्रत्येक बागेचा एक रंग ठरवला आणि प्रत्येक घडाच्या दांड्याला चिंधी बांधली. हमालांची करमणूक झाली. "साहेब, केळीचं बारसं का?" एकाने विचारलंच. फेरी गेली की हवालदार धुळ्याच्या वखारीत जाऊन रंगाप्रमाणे चांगले-वाईट घड वेगळे करायचे आणि आम्ही नकाशावर तशाच टाचण्या लावायचो.

काही फेऱ्यांतच पुंजका दिसला. आबांची बाग गावाला लागून, तिची लाल चिंधी. तिचे घड उत्तम. जसजसं सातपुड्याकडे जावं तसतसा माल वाईट. अगदी पायथ्याच्या बागेची निळी चिंधी, आणि काळे पडलेले घड बहुतेक निळे!

हवालदार मात्र हटले नाहीत. "निळे शेवटी चढतात, म्हणून सगळ्यांत वर असतात. बदलायलाही तेच सोपे."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून पुढच्या फेरीला पहाटेच मी चाचाच्या शेजारी जाऊन बसलो.

पहिला थांबा आबांचा. तिथे नारळ फुटला, चहा झाला, गप्पा झाल्या. पहिला घड आबांचा, हा त्यांच्या घराण्याचा मान होता. तिथून एकेक बाग करत पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. तिथले मजूर मात्र सकाळीच घड कापून मोकळे झालेले. ते सगळे उघड्या बांधावर पडलेले. मी एकावर हात ठेवला आणि झटकन उचलला. तवाच!

चोर सापडला होता. तो आभाळात होता, आणि त्याला मोकळं रान आबांच्या मानाने दिलं होतं.

आबांना ठाण्यात नकाशासमोर उभं केलं. सुरुवात पायथ्यापासून करा, तुमची बाग शेवटी, आणि ट्रक दिसल्यावरच तुमचे घड कापा, असं सांगितलं. आबा भडकले. "मन्हा बापना वखतपासून पहिला घड आम्हनाच चढस!"

"आबा, शेवटी चढवला तर तुमचा घड सगळ्यांच्या डोक्यावर बसेल," मी म्हटलं.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "हाई बराबर शे," ते म्हणाले.

क्रम उलटा झाला. पुढच्या फेऱ्यांत वरचे घड आबांचे, खालचे निळे. वखारीतून निरोप आला, सगळा माल चोख आहे.

आबांना आता अर्ज गुपचूप मागे घ्यायचा होता. मी नकार दिला. ज्याला चारचौघांत चोर म्हटलं, त्याला चारचौघांतच निर्दोष म्हणा. संघाच्या बैठकीत आबा उठले, जरा खाकरले आणि म्हणाले, "चाचा, चूक आम्हनी व्हती. उद्याना नारळ तुम्ही फोडा."

पुढे अनेक गुन्हे उघड केले, पण गुन्हेगार शोधण्याआधी मुळात गुन्हा झाला आहे का ते तपासावं, हे मी त्या चिंध्यांकडून शिकलो. बोट दाखवायला क्षण पुरतो, बघायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ गरिबासाठी काढायचा नसेल तर वर्दी घालू नये.

दुसऱ्या दिवशी पायथ्याशी नारळ फुटला. शेवटी आबांचे घड चढवून चाचाने गाडी सुरू केली आणि खिडकीतून डोकं काढलं. "आबा, पारोळ्याला थांबू ना?"

"थांब ना भो," आबा म्हणाले, "अन् त्या अक्काले आम्हना बागनी एक फणी दे."

लाल चिंधीसकट.