दूध सोसायटीच्या मांडवात काकांचा बाजा

आमच्या मावशीच्या यजमानांइतका श्वासाचा उधळ्या माणूस अख्ख्या परंडा तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. देवानं इतरांना श्वास जगण्यापुरता दिला. काकांनी तो सगळा तोंडाच्या बाज्यात घातला. बाजा म्हणजे माउथ ऑर्गन. लोक सदऱ्याच्या ज्या खिशात चष्मा ठेवतात त्या खिशात काकांचा बाजा असे, आणि चष्मा मात्र घरभर शोधावा लागे. सकाळी चूळ भरली की आधी बाजा, मग चहा. एका हातानं म्हशीची धार आणि दुसऱ्या हातानं बाजा असाही प्रयोग त्यांनी करून पाहिला. म्हशीनं लाथ मारून बादली लवंडली तेव्हा काका खूश होऊन म्हणाले, "बगा, पाय बरोबर ठेक्यावर आला तिचा!" मयताला गेले तरी त्यांचा हात खिशाकडं जाई, म्हणून मावशी अशा वेळी त्यांना बिनखिशाची बंडी घालून पाठवायची.

काकांची नोकरी कुर्डुवाडीच्या लहान रेल्वे लाइनीवर, गार्डाची. तिथल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं त्यांना हे वेड लावलं. गाणं सातासमुद्रापलीकडचं, कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या लोकांचं. ड्रायव्हर त्याला ब्लूज म्हणे, म्हणून काकाही म्हणत. "म्हंजी रडगाणंच," ते समजावून सांगत, "पर रडता रडता पाय हालाय पायजे. पाय न्हाय हालला तर ती नुसती रड." या गाण्यात बाज्यावर आगगाडी वाजवायची एक रीत असते, आणि तिच्यावर काकांचा विशेष जीव. त्यांची गाडी इतकी हुबेहूब सुटायची की एकदा त्यांनी ती फलाटावर वाजवली आणि झोपलेले उतारू बोचकी उचलून रुळांकडं धावले. स्टेशन मास्तरांनी दिलेली ताकीद काकांनी चौकट करून भिंतीवर लावली होती.

नोकरी संपवून गावी आल्यावर काकांची एकच इच्छा उरली होती: बँडाबरोबर एकदा चारचौघांत वाजवायचं. गावचा बँड पार बार्शीपर्यंत सुपाऱ्या घेणारा. त्याचा मास्तर आदबीचा, पण पक्का. "काका, तुमी वडील माणूस. पर ह्ये लेकरांचं खेळणं हाय, आन तुमची पट्टी आमच्या पट्टीत बसत न्हाय."

"मग तुमची सरकवा की!" काका म्हणत. मास्तर हसे, आणि वरात पुढं निघून जाई.

घरातही फारसा मान नव्हता. मावशी बाज्याला पिपाणी म्हणायची, आणि तो सुरू झाला की परसात निघून जायची. बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात, मी परंड्याच्या शाळेत शिकवत असताना, एकदा त्यांच्याकडं गेलो होतो. मावशी लांबून पाण्याचा हंडा घेऊन आली आणि काका दारात फुंकत बसलेले. ती भडकली. "मी पाण्यासाठी रानोमाळ हिंडती, आन तुमी पिपाणी वाजवता. गाव हसतंय आपल्याला!" काकांना हे लागलं. मला साक्षीला ठेवून त्यांनी शब्द दिला. "एकदा भरल्या मांडवात वाजवून दावतो. माणसं उठून गेली तर ह्यो बाजा तुझ्या हातात दीन. खुशाल चुलीत घाल. परत नाव काढणार न्हाय." मी हसलो खरा, पण मनातून धास्तावलो. शब्दाला जागणारा माणूस. आणि बाज्याशिवायचे काका मला डोळ्यांपुढं आणवेनात.

संधी दुष्काळानंच दिली. त्या वर्षी आमच्याकडं दूध नव्हतं, पण दूध सोसायटी निघाली होती. जनावरं छावणीत, आणि गावात सोसायटीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन! चेअरमननी मांडव भरायला दुष्काळी खडीच्या कामावरची माणसं बोलावून आणली. बँडाला सक्त सूचना होती: पाहुण्यांची जीप दिसली की स्वागताची चाल, आणि पहिला हार पाहुण्यांना. पण सकाळचे पाहुणे दुपार कलली तरी आले नाहीत. माणसं धरून ठेवायला बँडानं येत होत्या तेवढ्या चाली फिरवून फिरवून वाजवल्या. पाण्याचा टँकरही आलेला नव्हता. शेवटी क्लॅरोनेटवाल्याचे ओठ फुटले आणि तो मटकन खाली बसला. बायका पाट्या उचलून निघू लागल्या. चेअरमन हारांची टोपली घेऊन धावले. "बसा, बसा! आरं मास्तर, वाजवा कायतरी!"

"कशानं वाजवू? त्वांडात थुका न्हाय राहिला," मास्तर म्हणाला.

तेव्हा काका उठले. "माझा बाजा श्वास ओढून बी वाजतो. त्येला फुंकर निम्मीच लागती," असं म्हणून ते बँडाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मास्तरला नाही म्हणायला त्राण नव्हतं. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. मावशीनं पदर तोंडाला लावला होता.

आधी मालगाडी सुटली, जड, कुरकुरत. मांडवात खसखस पिकली. चारदोन बायका तशाच बाहेर पडल्या. काकांनी डोळे मिटले आणि गाडी हळू करत करत ब्लूजवर आणली. त्या सुरात काय होतं कोण जाणे, पण दिवसभर उन्हात खडी फोडणाऱ्या माणसाला ते सांगावं लागलं नाही. डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी जागीच थांबली, पाटी खाली ठेवून तिच्यावरच बसली. बाहेर पडलेल्या बायका परत फिरल्या. मग ढोलवाल्याचा पाय हलला, मग काठी हलली. ताशा आला. क्लॅरोनेटवाल्यानं फुटक्या ओठांनी दोनतीनदा चाचपून काकांचा सूर धरला आणि सगळा बँड काकांच्या पट्टीत सरकला. मग काका गाडी अशी पळवू लागले की मांडवाचे खांब हलतील असं वाटावं. शिट्ट्या, टाळ्या, उडणाऱ्या टोप्या! जीप कधी आली हे मास्तरलाही कळलं नाही. गाणं संपताच चेअरमननी भान हरपून पहिला हार काकांच्या गळ्यात घातला, आणि मागं वळून पाहतात तो पाहुणे स्वतः मांडवाच्या तोंडाशी उभे राहून टाळ्या वाजवताहेत.

भाषणं झाली, गर्दी पांगली. काका हारासकट मावशीपुढं उभे राहिले. बाजा हातात, चेहऱ्यावर जगज्जेत्याचा रुबाब, पण आवाज बारीक. "काय करू? देऊ का चुलीत?"

मावशीनं बाजा घेतला, पदरानं पुसला आणि त्यांच्या खिशात ठेवला. "ओठ बगा कसं सुकल्यात. आता दम खावा. सकाळच्याला वाजवा. मी हाय घरीच."

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मावशीला हल्ली फारसं काही आठवत नाही. पाहुणे कोण होते, उद्घाटन कशाचं होतं, सगळं पुसलं गेलंय. पण मी गेलो की माझा हात धरते. "एक बाई उठून गेली न्हाय बग," एवढं मात्र न चुकता सांगते.