बाईपासून लपवलेले साप

माझं अर्धं आयुष्य भंडाऱ्यात साड्यांच्या गादीवर गेलं. सासरचे लोक आधी मागावर कापड विणणारे, मग विकणारे. त्यामुळे रंगाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. गिऱ्हाईक म्हणतं अंजिरी दाखवा आणि बोट ठेवतं वांगी रंगावर, तेव्हा माझं डोकं फिरतं. पण हीच नजर पुढे सापांवर चालेल असं कुणी सांगितलं असतं, तर त्याला मी दुकानातून हाकललं असतं.

मुलगा वरठीच्या कारखान्यात कामाला जातो. त्याला दारूचा नाद नाही, पत्त्यांचा नाही, नाद लागला तो कॉर्न स्नेकचा. हा अमेरिकेतला बिनविषारी साप, लोक हौसेने पाळतात. रीतसर कागदपत्रं करून याने घरी आणले. पहिले कित्येक दिवस मी मागच्या खोलीत पाय ठेवला नाही. मग एकदा तो मोबाइलवर कुणाशी तरी भांडत होता, हा साप ‘अ‍ॅनेरी’ जातीच्या रंगाचा की ‘चारकोल’ रंगाचा म्हणून, आणि माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, अरे, ट्यूबलाइटखाली कधी रंग पाहतात का? बाहेर ओट्यावर आण. ओट्यावर आणला तर त्याच्या गळ्याशी पिवळ्याची बारीक झाक दिसली. करडे तर दोन्ही असतात, पण चारकोलच्या गळ्याला पिवळं उतरत नाही. भांडण मिटलं.

मग मी शिकतच गेले. आधी डोळा पाहायचा. लाल असला की समजायचं, अंगात काळा रंग नाहीच. मग पोट पाहायचं, मक्याच्या दाण्यांसारखे काळे-पांढरे चौकोन आहेत की कोरं आहे. मग पाठीवरच्या ठिपक्यांची किनार, आणि किनार म्हणजे तर माझ्या घरचंच काम. साप कात टाकायला आला असेल तर मात्र तोंड बंद ठेवायचं, त्या दिवसांत सगळेच धुरकट दिसतात. हळूहळू बाहेरगावचे हौशी लोक डबे घेऊन यायला लागले. काकू, पाहून सांगा ना. काकू फुगल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

आता बाईचं सांगते. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, सानगडीला दिलेली. बऱ्याच वर्षांपूर्वी भाऊजी दिवेलागणीला धानाच्या बांधीत पाणी लावायला गेले आणि त्यांना पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. बाई टॉर्च घेऊन मागोमाग होती. गवतात शिरताना तिला ते जनावर ओझरतं दिसलं. दवाखान्यात नेईपर्यंत आणि पुढे तेराव्यापर्यंत जो तो तिला एकच विचारत होता, रंग कसा होता? काळा होता का, पट्टे होते का? तिला सांगता आलं नाही. मीसुद्धा विचारलं होतं. गिऱ्हाइकाला साडी उन्हात नेऊन दाखवणारी मी, तिला टॉर्चच्या उजेडातला रंग विचारत होते. भाऊजी गेले. बायकोनं रंग सांगतला असता तं वाचला असता, हे सासरचे तिच्यापुढे इतक्यांदा बोलले की तीही तेच बोलायला लागली.

तेव्हापासून तिच्यासमोर मी साप हा शब्द काढत नाही. मुलाचे साप तर तिला कळूच दिले नाहीत. ती यायची म्हटली की डबे गोदामात, पुढे साड्यांच्या खोक्यांची भिंत. मी याला माया समजत होते.

यंदा तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन भंडाऱ्यात करवलं आणि तिला आमच्याकडेच ठेवून घेतलं. पट्टी निघाली तशी ती काळा चष्मा वर करकरून घरभर रंग पाहत हिंडली. “तुहा नवरा येवढा काळा आहे काय वं? लग्नात तं गोरा दिसला होता.” आम्ही पोट धरून हसलो. इतकी मोकळी ती किती वर्षांत झाली नव्हती.

दोन दिवसांनी दुपारी लाखनीचा टायरवाला, आमच्याकडे नेहमी येणारा हौशी, सापाची वर्षभराची दोन पिल्लं घेऊन दारात उभा. बाई आत झोपली होती. त्याला आल्या पावली परत पाठवायला हवं होतं. पण दोन करडी पिल्लं शेजारी शेजारी पाहिली आणि माझी खाज जागी झाली. ओट्यावर जाऊन एक हातात घेतलं. “याच्या गळ्याले पिवळं आहे, हा अ‍ॅनेरी. थो दुसरा चारकोल, लाव पैज.” माझा आवाज दुकानातला, गल्लीभर जाणारा. मागे वळले तर बाई दाराशी उभी, चष्मा हातात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिल्लू मनगटाला वेटोळं घालून बसलेलं, झटकताही येईना. टायरवाल्याने आमची तोंडं पाहिली, पिल्लू सोडवून डब्यात घातलं आणि चहा पिऊन येतो म्हणून सटकला.

“घरात आहेत काय आणखी?” बाई म्हणाली.

“आहेत.”

“दाखव.”

तिच्या डोळ्यांदेखत मी खोकी बाजूला केली. ती लपवायला रचली होती हे तिला न सांगता कळलं असणार. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एकेका डब्यापाशी वाकून विचारत गेली, हा कोणता, याले काय म्हणतेत. मी मान खाली घालून नावं सांगत गेले. लाल डोळ्यांच्या पांढऱ्यापाशी ती थांबली.

“तुले किती बारीक दिसते वं,” ती म्हणाली. “मले त्या दिवशी येकच रंग पाहाचा होता, थोबी नाही दिसला. माह्या जागी तू असती तं सांगतला असता. बरोबर इंजेक्शन भेटलं असतं त्यायले.”

मी पटकन बोलून गेले, सगळ्यांना सांगते तसंच. “नाही वं बाई. आपल्याकडचे नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारहीले इंजेक्शन येकच असते. रंग सांगतला नाही म्हणून कोणी मरत नाही. दवाखान्यात लवकर पोचलं पाहिजे, बस.”

ती सरळ झाली. “कोण म्हणते?”

“डॉक्टरच म्हणतेत. पोरानं साप आणले तवा सर्पमित्र आला होता घरी, त्यानंबी सांगतलं.”

बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. ही गोष्ट मी दूधवाल्याला सांगितली होती, साडी घ्यायला आलेल्या बायांना हातवारे करून सांगितली होती, त्या टायरवाल्यालासुद्धा. अर्ध्या भंडाऱ्याला माझ्या तोंडून माहीत होती. फक्त बाईला नाही, कारण तिच्यासमोर मी विषय काढत नव्हते. लाज वाटली म्हणू? तो शब्द फार लहान आहे.

“कवा आला होता थो सर्पमित्र?” तिने हळूच विचारलं.

गेल्या महिन्यात, असं खोटंच ओठावर आलं होतं. “दोन वर्सं झाले,” मी म्हटलं.

बाई खोक्यावर बसली.

“परवा पट्टी काढली तवा,” ती म्हणाली, “डोये उघडाच्या आंधी म्या तुह्या भाऊजीची माफी मागतली. म्हटलं, आता दिसन मले, तवा नाही दिसलं.”