चौकोनकाकांची पिवळी भिंत

चौकोनकाका बेसनाचा लाडू गोल खात नसत. ताटलीत लाडू आला की ते दोन स्टीलच्या पट्ट्या घेत, चारही बाजूंनी हलकेच दाबून त्याचा ठोकळा करत आणि मगच तोंडात टाकत. "गोल वस्तूला बाजूच नसते," ते म्हणत, "मग तिच्या बाजूने उभं तरी कसं राहायचं?" काकू वैतागून म्हणत, "पुढच्या वेळी सरळ वड्याच थापते." पण वड्या थापल्या की काका नाराज. ठोकळा त्यांना स्वतःच्या हाताने करायचा असे.

सिडनीपासून लांबच्या पॉइंट कुक उपनगरातल्या त्यांच्या घरातली मागची खोली मी भाड्याने घेतली होती. मी युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, आर्किटेक्चर शिकत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे वर्गात बाकीच्यांना जे आधीपासून ठाऊक असेल असं वाटे, ते विचारायची मला भीती वाटे. काकांना मात्र काहीही विचारता येई. उत्तराचा उपयोग होईलच असं नसे, पण ते मनापासून दिलेलं असे.

काका मुंबईत जाहिरातींसाठी चित्रं काढत. इथे आल्यावर निवृत्त होईपर्यंत त्यांनी एका कारखान्यात रस्त्यावरच्या पाट्या रंगवल्या. घरं बांधायची मात्र फार इच्छा होती. दोन गल्ल्या सोडून राहणारा ग्रॅहम आर्किटेक्ट होता. त्याच्या वाट्याला जन्मभर कार पार्क आले, आणि त्याला हवे होते रंग. दोघांची ओळख हार्डवेअरच्या दुकानात, पांढऱ्या रंगाच्या नमुन्यांसमोर भांडताना झाली. दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी खरा पांढरा कोणता ते ठरेना, म्हणून पुढचं भांडण काकांच्या गॅरेजमध्ये सुरू झालं आणि दर रविवारी चालू राहिलं.

"शंभर वर्षांपूर्वी युरोपात चित्रकार आणि आर्किटेक्ट एका टेबलाशी बसायचे," काका मला सांगत. "ह्यांच्या चित्रातल्या रेघा त्यांनी घराला दिल्या, त्यांच्या घरातली मोकळी जागा ह्यांनी चित्रात घेतली. मग सगळे आपापल्या ऑफिसात गेले आणि दारं लावून घेतली." ते दार पुन्हा उघडायचं म्हणून काका आणि ग्रॅहमने एक करार केला होता. बांधकामाचं सगळं काका ठरवणार, रंगाचं सगळं ग्रॅहम. एकाने दुसऱ्याच्या कामात अवाक्षर काढायचं नाही. म्हणजे ज्याला जे येत होतं, नेमकं त्याबद्दलच बोलायची त्याला बंदी. मला हे जरा विचित्र वाटलं होतं, पण मोठ्या कल्पना अशाच असाव्यात असं वाटून मी गप्प बसले.

कराराखालचं पहिलं काम काकूंनी दिलं. जवळच्या वेरिबी गावातल्या मैत्रिणीकडून आणलेली तुळस त्यांनी रंगाच्या रिकाम्या बादलीत लावली होती. आधीची रोपं थंडीत गेली होती. "हिने हिवाळा काढला पाहिजे, आणि हिच्या लग्नाला मला वृंदावन हवं," काकू म्हणाल्या. "एवढं एक करा. मग बसा जन्मभर रेघा ओढत."

काकांनी फार विचार केला. "वृंदावन म्हणजे शेवटी काय? एक रोप आणि त्याच्या मागे ऊन झेलणारी एक भिंत. बाकी सगळे दागिने." म्हणून परसाच्या टोकाला हातभर जाड, माणसाहून उंच अशी एक एकटी भिंत उभी राहिली. गवंड्याने विचारलं, "व्हॉट्स इट फॉर?" काका म्हणाले, "फॉर येलो." गवंडी म्हणाला, "फेअर इनफ, मेट," आणि विटा लावायला लागला. भिंतीपुढे बादलीतली तुळस ठेवली. पिवळा रंग ग्रॅहमने आधीच निवडून ठेवला होता.

हिवाळा आला तशी ती भिंत राखेसारखी दिसू लागली. ग्रॅहम चहाचा मग घेऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "नॉट येलो इनफ, मेट." काकांनी वरून आणखी एक हात दिला. पुढच्या रविवारी ग्रॅहम पुन्हा म्हणाला, "मोअर येलो." थरावर थर चढले. ग्रॅहमचा आवाज दर खेपेला जास्त काकुळतीला येई. इकडे तुळशीची पानं गळत होती. काकू म्हणाल्या, "भिंतीला रोज नवा शालू, आणि माझं रोप मरायला टाकलंय!"

मला कारण कळलं होतं, कारण युनीत ते नुकतंच शिकवलं होतं. खात्री नव्हती. पुढच्या रविवारी ग्रॅहम मग घेऊन उभा असतानाच, काकूंचा चेहरा बघून मी शेवटी म्हटलं, "काका, चुकत असेन. पण इथे ऊन उत्तरेकडून येतं ना? भिंत तुळशीच्या उत्तरेलाच आहे."

काकांनी आकाशाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. इतकी वर्षं इथे राहूनही त्यांच्या डोक्यातला सूर्य मुंबईचाच, दक्षिणेकडून ऊन देणारा होता.

"ग्रॅहम, यू न्यू? माहीत होतं तुला?"

"कोर्स आय न्यू," ग्रॅहम म्हणाला. "पण ऊन तुझ्या खात्यात, मेट. आय कुड ओन्ली से येलो."

काकू आधी चिडल्या, मग पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. काका मात्र माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "तू करारात नाहीस, म्हणून तुला बोलता आलं. ही जागा सोडू नकोस." आता मी सिडनीत, टूनगॅबीला राहून नोकरी करते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये काही विचारायची भीती वाटली की मला हे वाक्य आठवतं, आणि मी हात वर करते.

काकांनी भिंतीच्या मधोमध चौकोन कापून घेतला आणि बादली त्यातच ठेवली. पलीकडून ऊन थेट रोपावर आलं. कापलेल्या भागात विटा उघड्या पडल्या होत्या. त्यांचा रंग ठरवायचा होता ग्रॅहमने. तेवढ्यात तो पर्थला मुलीकडे राहायला गेला. काका दर रविवारी फोन करत. तो म्हणे, "स्टिल थिंकिंग." तुळशीला नवी पालवी फुटली त्या सुमारास एका रविवारी फोन त्याच्या मुलीने उचलला. ग्रॅहम गेला होता.

तुळशीच्या लग्नाला शेजारपाजारचे जमले. चौकोनाच्या वर ऊस बांधले, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. कोणीतरी म्हणालं, "काका, आतून पण पिवळा मारा ना, डबा उरलाय." काका म्हणाले, "ते माझं खातं नाही."

पूजा आटोपल्यावर काकूंनी कुंकवाची बोटं त्या उघड्या विटांवर उमटवली.

"हा रंग कोणी ठरवला?" काकांनी विचारलं.

"मी तुमच्या करारात नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी वाकून ती बोटं जवळून बघितली. मग हळूच म्हणाले, "ग्रॅहम म्हणाला असता, नॉट रेड इनफ."

काकूंनी पुन्हा बोटं कुंकवात बुडवली.