सर सिन्सियर लिहायचे

लिहिता लिहिता तो शब्द आला की सर थांबायचे. पेनाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचे, शाई नीट येते का. मग हळूहळू एकेक अक्षर काढायचे. सिन्सियर.

मला वाचता येत नाही. पण सर थांबले की मला कळायचं, आता तो शब्द आला.

सुरतेला आमच्या नवागामच्या गल्लीत सर टोकाच्या खोलीत राहायचे. मराठी शाळेत शिकवायचे. बायको वारलेली, मुलगी नाशकाला सासरी. गल्ली सगळी आमची खानदेशची. माणसं लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात कामाला, बाया घरी बसून साड्यांचे धागे कापणाऱ्या. काही लिहायचं निघालं की सगळे सरांच्या ओट्यावर.

आणि सर तो शब्द कुठंही घालायचे. गणपतीच्या फळ्यावर लिहिलं, आमचे सिन्सियर कार्यकर्ते. दूधवाल्याला दारावर चिठ्ठी, उद्यापासून सिन्सियर दूध देणे. दूधवाला गुजराती, तो मला विचारायचा, "माजी, आ साहेब शुं लखे छे?" मी सांगायची, पाणी कमी घाल म्हणतात. गल्लीतल्या बायांना तर खेळच झाला. एकमेकींना विचारायच्या, "काय गं, आज तुझं वरण सिन्सियर झालं का?"

मी एकदा म्हटलं, "सर, आपल्या मराठीत शब्द नाही का याला?"

"आहेत ना ताई. प्रामाणिक आहे. पण प्रामाणिक म्हणजे चोरी करत नाही, एवढंच झालं. मेहनती म्हणावं तर बैलही मेहनती असतो. मला सांगायचं असतं की माणूस त्या कामात अख्खा उतरलाय. मागं काही राखून ठेवलं नाही."

"मग तसंच लिहा की."

"कार्डावर जागा किती असते, ताई!"

आता तुम्हाला आमच्याकडची रीत सांगते. मुलगा सुरतेला आणि मुलगी गावाकडं, असं स्थळ जमलं की मुलीकडचे सरांना पत्र टाकायचे. मुलगा कसा आहे, काम करतो का, व्यसन आहे का. सर एक कार्ड लिहायचे. मुलगा चांगला आहे, असं लिहिलं तर समोरचे गप्प बसायचे. मुलगा सिन्सियर आहे, असं लिहिलं की तिकडं सुपारी फुटायची. त्या एका शब्दावर लोकांनी मुली दिल्या.

माझ्या पोराला स्थळ नंदुरबारकडच्या एका खेड्यातून आलं. मुलीच्या बापानं रीतीप्रमाणं सरांना विचारलं. पोरगा सरांच्याच हाताखाली शिकलेला. लहानपणी कोणी न सांगता वर्गाचा माठ भरायचा, ते सरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यांनी कार्ड लिहून टाकलंसुद्धा. उत्तर आलं तेव्हा हसत हसत माझ्या दारात आले.

"ताई, झालं काम! माझ्या शब्दावर मुलगी देतो, म्हणतात."

मी हातातली कात्री खाली ठेवली. म्हटलं, "सर, तो पितो."

सरांनी हातातल्या पत्राची घडी घातली.

"खात्यातून सुटला की पोटली मारतो. रोज." पोटली म्हणजे आमच्याकडं दारूची थैली. गुजरातमध्ये बंदी, म्हणून थैलीत मिळते. "याचा बाप त्याच्यातच गेला. मी काय दिवस काढले ते मला माहीत. दुसरी बाई त्यात ओढायची नाही मला."

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही. मला वाटलं, तुम्हाला सगळ्या गल्लीचं ठाऊक असतं."

सर ओट्यावर बसले. मग म्हणाले, "मी त्या माठ भरणाऱ्या लहान पोराबद्दल लिहून बसलो."

त्यांनी दुसरं कार्ड काढलं, स्थळ मोडा असं लिहायला. मी म्हटलं, लिहा. त्यांनी पेन नखावर टेकवलं आणि तसंच खिशात ठेवलं. "लिहिलंय ते आधी खरं करता येतं का बघू. लग्नाची तिथी आखाजीनंतरची आहे. तोवर नाही झालं, तर मी स्वतः जाऊन सांगेन त्यांना." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

दुसऱ्या दिवसापासून खात्याची पाळी सुटायच्या वेळेला सर फाटकासमोर उभे. सायकल हातात, हँडलला पिशवी. पोरगा बाहेर आला की म्हणायचे, "चल, भाजी घ्यायची आहे." दारू पिऊ नको, असं कधी म्हणाले नाहीत. सायकल हातानं ढकलत त्याच्यासोबत चालायचे, लारीवर, म्हणजे भाजीच्या हातगाडीवर वांगी निवडायचे, आणि आमच्या दारात त्याला सोडून जायचे.

खात्यातले कारागीर ओरडायचे, "ए, तुझा सासरा आला रे घ्यायला!" पोरगा घरी येऊन भांडी आपटायचा. "माय, सांग त्या म्हाताऱ्याला! मी काय बालवाडीत आहे?" मी म्हटलं, तूच सांग. तो बोलला असेल, पण सर हलले नाहीत. पोराची रातपाळी लागली की सकाळी शाळेच्या आधी जायचे. एकट्या माणसाला इतकी वांगी कशाला लागतात? निम्मी आमच्याकडंच यायची. शेवटी मीच म्हटलं, सर, निदान भाजी तरी बदला.

एकदा पोरगा मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाला. प्यायला. परत येताना वाट तीच, फाटकावरून जाणारी. खात्यातली दुसरी पाळी कधीच कामाला लागलेली, रस्ता मोकळा. सर तिथंच उभे. पोरानं नंतर मला सांगितलं, "माय, मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं." सर म्हणाले एवढंच, "चल. लारीवाला गेला असेल, आज भाजी नाही." आणि तो झोकांड्या देत होता, म्हणून सायकलच्या कॅरिअरला त्याचा हात धरायला लावला.

त्यानंतर त्यानं उडी मारली नाही. एकदम साधू झाला, असंही नाही. रात्री अंगाला थरथर सुटायची, रागानं ताट फेकायचा. मी ताट उचलून परत वाढायची. पण पोटलीच्या अड्ड्यावर गेला नाही.

आखाजी जवळ आली. मी म्हटलं, सर, आता झालं ना खरं? म्हणाले, "झालंय असं वाटतं. पण मी लिहिलं तेव्हा नव्हतं ना झालेलं." आणि मला घेऊन गाडीत बसले.

मुलीच्या बापापुढं सरांनी सगळं सांगून टाकलं. पोरगा पीत होता. मी न बघता लिहिलं. मी रोज फाटकावरून त्याला घरी आणतो. आता पीत नाही, पुढचं मी सांगू शकत नाही. तुम्ही मोडलं तर आमची तक्रार नाही. बापानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "सर, मंग तुमना शब्दनं काय?" सरांनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, चला स्टेशनावर.

तेवढ्यात मुलगी चुलीपासून उठून दारात आली. बापाकडं न बघता सरांना विचारलं, "लगीन व्हयनं तरी तुम्ही त्याले घेवाले जाशात का?"

सर म्हणाले, "जाईन."

"मंग चाली माले."

आणि सर गेले. लग्न झालं, नातू रांगायला लागला, तरी पाळी सुटली की सर फाटकासमोर. कारागिरांनी चिडवणं कधीच सोडलं होतं, उलट कोणी उशिरा सुटला तर तेच सरांना चहा पाजायचे. सून दारात पिशवी घ्यायला उभी राहायची. तिला विचारून आता भाजी बदलली होती.

पुढं सर रिटायर झाले. त्यांची मुलगी न्यायला आली तेव्हा सामान एका रिक्षात मावलं. सायकल पोराच्या हातात देऊन म्हणाले, "हवा बघत जा." तिकडं नाशकातच वारले. आम्हाला उशिरा कळलं.

तुम्हाला वाटेल, सायकल मिळाली, पोरगा आता लवकर घरी येत असेल. नाही. पाळी सुटली की हँडलला पिशवी अडकवतो आणि सायकल हातानं ढकलत चालत येतो. मोकळा रस्ता असला तरी तिच्यावर बसत नाही.