बारा सेकंद जास्त

विमान कुठून येतं नि कुठं जातं, याच्याशी थोरलीला काडीचं देणंघेणं नव्हतं. प्रवासी उतरले की आत शिरायचं, पुढचे चढायच्या आत बाहेर पडायचं आणि मधल्या वेळात लोकांनी सांडलेलं, चघळलेलं, खिशात कोंबलेलं उपसायचं. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं.

साफसफाईला चौदा मिनिटं लागायची. मग कंपनीत घड्याळवाले साहेब आले. विमान जमिनीवर जितकं कमी थांबेल तितकी कंपनी कार्यक्षम, असं त्यांचं गणित. बाकीच्या बायका शहाण्या. साहेब दारात दिसले की सगळ्यांचे हात आपोआप जड व्हायचे. थोरलीला मात्र मिरवायची भारी हौस! तिनं दोन खिशांचा एप्रन शिवला, एकात कचरा, एकात फडकी. मागून सुरुवात करायची, एका हातानं सीटचे पट्टे जुळवायचे, दुसऱ्यानं खिसा रिकामा करायचा. नऊ मिनिटांत विमान लख्ख. कंपनीच्या मासिकात तिचा फोटो आला, खाली छापलेलं ‘नवकल्पना’. तो शब्द तिनं शेजारणीला दोनदा वाचून दाखवला.

आता भोगा! नऊ मिनिटांत होतंय म्हटल्यावर एवढ्या बायका कशाला? परीक्षा ठरली. नेमून दिलेला भाग नऊ मिनिटांत जमेल ती राहील, न जमेल ती घरी. वेळ मोजायला साहेबांनी थोरलीलाच उभं केलं.

तिची सख्खी धाकटी बहीण त्याच तुकडीत होती. नवरा दुसरीबरोबर निघून गेला तेव्हा थोरलीनंच तिला इथं चिकटवलं होतं. पदरात दोन पोरी, राहायला थोरलीचीच मागची खोली. ही नोकरी गेली तर तिसऱ्या कुणाचा आधार नव्हता.

“ताई, बघ हं जरा माझ्याकडं,” ती विमानाच्या दारात हळूच म्हणाली.

“तू फक्त पद्धत सोडू नकोस.”

धाकटीनं सोडली नाही. हात सपासप चालले होते. पण बाविसाव्या ओळीत कुणाच्या तरी लेकरानं उलटी केलेली, पार सीटच्या फटीत गेलेली. धाकटीनं मान वर करून थोरलीकडं बघितलं. थोरलीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग बिचारी गुडघ्यावर बसली, फट न् फट पुसली आणि उरलेल्या ओळी धापा टाकत उरकल्या. घड्याळात नऊ मिनिटं बारा सेकंद.

बारा सेकंद! एवढ्यात माणूस धड नाकसुद्धा पुसत नाही. पण थोरलीला वाटलं, आपल्याच बहिणीला सूट दिली तर चारचौघींत आपली पद्धत लंगडी ठरेल. तिनं खरा आकडा लिहिला. जळो मेला तो खरेपणा!

तिसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. “अहो मावशी, तिथं उलटी होती म्हणे? शेजारी एक शब्द लिहायचात. तेवढं आम्ही सोडतोच.”

“मग आता सोडा की, साहेब!”

“यादी वर गेली. पण मानलं हं तुम्हाला, सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाहीत. यापुढं सगळ्या तुकड्या तुम्हीच तपासा.”

लाजेनं मेली असेल म्हणता? छे! बाईचा ऊर भरून आला.

घरी धाकटी गणवेशाची घडी घालत बसली होती. “उलटीचं लिहिलंस?” तिनं विचारलं.

“त्याला कागदावर रकाना नव्हता.”

“मी तुझ्याकडं बघितलं होतं, ताई. नुसती मान हलवली असतीस तर वर चादर टाकून पुढं गेले असते.”

“दिसलं मला.”

“मग?”

“नीट पुसतेस का, ते बघत होते.”

धाकटीनं गणवेश थोरलीपुढं सरकवला. “तूच जमा कर. मला ते दार परत बघायचं नाही.”

थोरलीनं गणवेश उलगडून उजेडात धरला. काखेत चार बोटं उसवलं होतं.

“असा घेणार नाहीत ते,” ती म्हणाली. “शिवून दे.”