तीन बोटं की पाच

हे मी सांगायचं नव्हतं. दादाने मला गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लावली आहे. पण अड्याळला आमच्या घरासमोरच बाबांचं गॅरेज आहे, आणि तिथले किस्से पोटात इतके साठतात की एक दाबला की दुसरा वर येतो. म्हणून आधी साधे सांगते.

शेतात, जंगलात जाणाऱ्या फोर बाय फोर गाड्या उंच करायला लोक बाबांकडे येतात. बाबा त्यांना उंच स्प्रिंग निवडून देतात. किती उंच, ते बोटांनी मोजतात. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं आडवी धरायची. त्यांच्या मते तीन बोटं पुरेत. त्याहून उंच गाडी उतारावर कलंडते.

*

एकोडीच्या एका काकांनी फोनवर सांगितलं, "तीन बोटं वाढवा." बाबांनी वाढवली. काका गाडी घेऊन घरी गेले, तर ती शेडमध्ये शिरेना. काकांची बोटं काडीसारखी, बाबांची केळ्यासारखी!

बाबा म्हणाले, "आणा, उतरवून देतो."

"राहू द्या जी," काका म्हणाले. "शेडची जमीन खोदून घेतली म्या."

*

गाडीत ओझं किती असतं, हे कोणी खरं सांगत नाही. एक पिकअपवाला म्हणाला, "धानाचे दहा पोते, बस." बाबा म्हणाले, "ओझं घेऊनच ये, मग स्प्रिंग पाहू."

दुसऱ्या दिवशी तो आला. पोती दहाच होती, पण पोत्यांवर सात माणसं बसलेली.

"हे कोण?"

"हे तं रोजचेच हायत जी. हे बी मोजाचे काय?"

*

एकाला नुसती दिसायलाच उंच गाडी हवी होती. बाबांनी विचारलं, "तुझी माय कशी चढन?" तो निघून गेला. आठवड्याने परत आला, हातात प्लास्टिकचं स्टूल. "मायची सोय झाली. आता करा उंच."

बाबांनी तरी केली नाही. तो रागाने गेला आणि स्टूल विसरला. बाबा आता त्याच स्टुलावर बसून काम करतात.

*

बाबांची एक रीत आहे. नवे स्प्रिंग लावले की तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, उतारावर गाडी आडवी चालवायची. चालवतो मालक. बाबा बसतात खालच्या बाजूला, गाडी पडलीच तर जिकडे पडेल तिकडे.

आई दर वेळी म्हणते, "तुम्ही काहून बसता तिकडं?"

"मले तिकडं बसाचं हाय, म्हणून तं बराबर निवडतो."

*

आता दादाचं. यंदा तो त्याच्या जीपमधून नाकाडोंगरीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडणारी माणसं नेणार आहे. वाट दगडांची, म्हणून त्याला पाच बोटं हवी होती. बाबांनी तीन बोटांचेच स्प्रिंग लावून दिले.

परवा बाबा लग्नाला पवनीला गेले. दादाने नागपूरहून आणलेले पाच बोटांचे स्प्रिंग चढवले. नट खोलायचे पाने मीच हातात देत होते. बाबांचे स्प्रिंग आम्ही घरामागच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाखाली लपवले.

आज सकाळी बाबा जीपसमोर उभे राहिले. बोटं लावून पाहिलीच नाहीत. एवढंच म्हणाले, "चाल, पाळीवर."

दादा म्हणाला, "बाबा, तुम्ही नका बसू. मी एकटाच जातो."

"काहून?"

दादा स्टिअरिंगवर जाऊन बसला. बाबा नेहमीसारखे खालच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले. आई दाराची चौकट धरून उभी राहिली. मी वही घेऊन दारात बसले. इतका वेळ हे सगळं तिच्यातच लिहिते आहे.

आत्ता जीप आली. अगदी हळू आली. दादा उतरला आहे, शर्ट घामाने पाठीला चिकटलाय. बाबा अजून आतच बसून आहेत आणि समोर बघताहेत. दादाला विचारायचं आहे की पाळीवर नेमकं... तोच हाक मारतोय. "अवं, तणसाखालचे स्प्रिंग काढाले ये," असं, बाबांच्या समोर, मोठ्याने. मी जाते, नाहीतर तो...